पंपावरचे ९१ आणि परदेशी ट्यूनमधले ९१

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या पेट्रोलविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. विषय निवडल्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत, कारण गंगापूर रोडवर किंवा कॉलेज रोडवर संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले तरी पूर्वी नाशिकमध्ये स्वप्नातही न दिसणाऱ्या गाड्या जाताना दिसतात, आणि त्यांच्या टाकीत नेमके काय जावे याविषयी मराठीत लिहिणारे फार थोडे आहेत. तथापि लेखातील दोन विधाने आणि सोबतचा तक्ता यांबाबत लिहिल्यावाचून राहवत नाही. ऑक्टेन जितके जास्त तितकी पेट्रोलमध्ये ताकद जास्त, हे पहिले विधान; आणि आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये नॉक सेन्सर, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा ठोका ऐकणारे उपकरण, असल्यामुळे कोणतेही पेट्रोल भरले तरी इंजिनाला धोका नाही, हे दुसरे. तक्त्यात तर अमेरिकेतील ९१ आणि आपल्याकडील ९१ हे आकडे जणू एकाच मापाने मोजल्यासारखे एकाच ओळीत छापले आहेत. ही तिसरी चूक दिसायला किरकोळ आहे, पण तिची किंमत आमच्या घराने मोजली असल्याने, आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांच्या चाचणीवर माझी नोकरीची सारी वर्षे गेली असल्याने, हे पत्र थोडे लांबले तर आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधील ऊर्जा सांगत नाही. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले आणि तापले की एका मर्यादेनंतर ते ज्योत येऊन पोचायच्या आधीच आपण होऊन पेटू पाहते; यालाच ठोका किंवा नॉकिंग म्हणतात. त्या दाबाला आणि तापाला इंधन कुठवर दाद देत नाही, एवढेच हा आकडा सांगतो. १९२० च्या दशकात ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने या मोजपट्टीची दोन टोके ठरवली. चटकन ठोका देणारे हेप्टेन म्हणजे शून्य आणि सहजासहजी न देणारे आयसो-ऑक्टेन म्हणजे शंभर. पेट्रोल ९१ चे आहे याचा अर्थ असा, की ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण चाचणीच्या इंजिनात ज्या तीव्रतेने ठोकते, त्याच तीव्रतेने हे पेट्रोलही ठोकते. चाचणीचे हे इंजिन एकाच सिलिंडरचे असते आणि ते चालू असतानाच त्याचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) कमी-जास्त करता येते. गंमत अशी, की नऊ हजार फेऱ्यांच्या आधुनिक स्पोर्ट्स कारचे भवितव्य ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा आजही मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी चालणारे हे जुन्या वळणाचे इंजिन देते.

सहाशे फेऱ्यांच्या या सौम्य चाचणीतून जो आकडा मिळतो, त्याला रिसर्च ऑक्टेन नंबर म्हणजे रॉन म्हणतात. तेच इंधन नऊशे फेऱ्यांवर, आत जाणारे मिश्रण सुमारे दीडशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून तपासले की जो आकडा मिळतो तो मोटर ऑक्टेन नंबर, म्हणजे मॉन. आणि तो बहुधा रॉनपेक्षा आठ-दहा अंकांनी खाली असतो. भारतात आणि युरोपात पंपावर रॉन सांगितला जातो. अमेरिकेत मात्र रॉन आणि मॉन यांची सरासरी काढून ती पिवळ्या चौकोनात लिहितात. वीस टक्के इथेनॉल येण्यापूर्वीच्या आपल्या साध्या पेट्रोलच्या मानकात रॉन किमान ९१ आणि मॉन किमान ८१ होता, म्हणजे अमेरिकी रीतीने मांडले तर ते ८६ चे भरत असे. उलट अमेरिकेतील ९१ चे पेट्रोल आपल्या मापाने ९५-९६ रॉनचे असते. आपल्याकडील ९५ रॉनच्या प्रीमियम पेट्रोलचा मॉन ८५ धरला, तर त्याची सरासरी ९० येते; म्हणजे जादा पैसे मोजून घेतलेले आपले ९५ देखील अमेरिकेच्या ९१ ला एका अंकाने कमीच पडते. आपल्या तक्त्यातील ती एक ओळ मला खटकली ती यासाठी.

आता घरची गोष्ट. माझ्या पुतण्याने दोन लिटर टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाची एक वेगवान सेडान सेकंड हँड घेतली होती. गाडी उत्तम होती, पण मूळची ताकद पुरेशी न वाटल्याने त्याने मुंबईतील एका गॅरेजमधून तिचा इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप करून (त्याचे सॉफ्टवेअर बदलून) घेतला. ‘स्टेज वन’ म्हणून बसवलेली फाइल परदेशातून आणलेली होती आणि तिच्या नावातच ९१ ऑक्टेन असे लिहिलेले होते. पंपावर ९१, फाइलवर ९१, तेव्हा शंका येण्याचे कारणच नव्हते. २०२२ च्या मे महिन्यात मुंबईहून परतताना त्याने वाटेत साधे पेट्रोल भरले, चौघे जण बसलेले, एसी पूर्ण सोडलेला, आणि कसारा घाट चढताना गिअर न उतरवता वरच्याच गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट (टर्बोचा दाब) देत गाडी ओढत आणली. घोटीच्या पुढे ताकद गेल्यासारखे वाटू लागले आणि पाथर्डी फाट्याला पोचेपर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. दुसऱ्या दिवशी प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे चकचकीत कण बसलेले होते. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटलेली सापडली. ‘काका, फाइल तर ९१ चीच घेतली होती,’ एवढेच तो म्हणत राहिला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते; फक्त तो ९१ अमेरिकी मापाचा होता.

ऑक्टेन आणि ट्यूनिंग यांचे नाते समजून घेतले की या तुटलेल्या कडेचे कारण कळते. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली वळल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या) सुमारे पंधरा अंशांवर सिलिंडरमधील दाब सर्वाधिक असावा, म्हणजे त्या दाबाचे सर्वाधिक काम क्रँकला मिळते, हा साधारण ठोकताळा आहे. ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या कित्येक अंश आधी द्यावी लागते, तेच टायमिंग. ते जितके आगाऊ, तितका दाब लवकर आणि उंच चढतो आणि कडेला उरलेले न जळलेले मिश्रण तितकेच जास्त दाबले जाते. चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल हा ताप सोसते, म्हणून ट्यूनरला ठिणगी हव्या त्या जागी ठेवता येते, बूस्ट वाढवता येतो किंवा इंजिन मुळातच जास्त कॉम्प्रेशनचे बांधता येते. ताकद मिळते ती या तीन गोष्टींतून. साध्या ९१ साठी बेतलेल्या छोट्या गाडीत ९५ भरून काही न मिळण्याचे कारणही हेच, की तिच्या मॅपमध्ये (इसीयूमधील आकड्यांच्या तक्त्यात) त्या जादा सहनशीलतेचा उपयोग करून घेणारी जागाच नसते. कारखानेदार हे हिशेब किती काटेकोरपणे करतात, याचे उत्तम उदाहरण माझदाच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह इंजिनाचे आहे : युरोपातील ९५ रॉनसाठी त्याचे कॉम्प्रेशन १४ ठेवले गेले, आणि अमेरिकेतील साध्या पेट्रोलसाठी तेच १३ वर उतरवले गेले. पोर्शच्या ९११ जीटी३ मध्ये कॉम्प्रेशन १३.३ आहे आणि इंजिन ९८ रॉन गृहीत धरून बेतलेले आहे. फेरारी ४५८ मध्ये ते १२.५ होते. टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन कागदावर कमी दिसते, परंतु आत येणारी हवाच आधी दाबून भरलेली असल्याने त्याची ऑक्टेनची भूक याहून कमी नसते.

नॉकिंग म्हणजे नेमके काय होते, हे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण सेन्सरवरील आंधळा विश्वास तेथूनच तपासता येतो. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून कडेकडे शिस्तीने सरकते. तिच्यापुढचे उरलेले मिश्रण दाबले जात असते. ते ज्योतीची वाट न पाहता एकाच वेळी भडकले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा उठतात आणि तोफेच्या नळीत गोळा घुमावा तशा भिंतींवर आपटत राहतात. या आपटण्याची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर ठरते, आणि तिचे गणित चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात मांडले. ८२.५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला ती साडेसहा ते सात किलोहर्ट्झ येते; १०२ मिलिमीटरच्या मोठ्या सिलिंडरला साडेपाचच्या आसपास. धातूची कड तुटते ती एका मोठ्या स्फोटाने क्वचितच. पिस्टनच्या पृष्ठभागावर चिकटून राहणारा आणि त्याला उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर या लाटा पुसून टाकतात, पिस्टन तापत जातो, मऊ पडतो, आणि मग हजारो छोट्या हातोड्यांपैकी एखादी त्याला भारी पडते. आमच्या तरुणपणी पंपावर ८७ आणि ९३ असे दोन दर्जे मिळत असत, आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वेळ ठरवणारा भाग) हाताने फिरवून, चढावर गाडी नेऊन, कानाने टकटक ऐकून टायमिंग लावणारे मिस्त्री नाशिकमध्ये होते. आजच्या गाडीत काच बंद करून बसलेल्याला ती टकटक ऐकूच येत नाही. ऐकण्याचे काम सेन्सरवर सोपवले गेले आहे.

हा सेन्सर म्हणजे सिलिंडर ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेली पिझो सिरॅमिकची चकती. ब्लॉक थरथरला की ती सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करते. तिला नॉकिंग तेवढे ऐकू येते आणि बाकीचे नाही, असे मुळीच नाही; व्हॉल्व्ह बसल्याचा आवाज, पिस्टन बाजू बदलताना होणारा आघात, डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजेक्टरची टिकटिक, सैल झालेल्या ब्रॅकेटची खडखड, सगळेच तिच्यापर्यंत पोचते. त्यातून नॉकिंग वेगळे काढण्यासाठी इसीयू दोन युक्त्या वापरतो. तो ठरावीक वारंवारतेच्या पट्ट्यातच ऐकतो, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगीनंतर पिस्टन खाली जाऊ लागल्यावरच्या साठेक अंशांच्या आत, जेव्हा नॉकिंग होणे शक्य असते तेवढ्याच वेळात ऐकतो. त्यामुळे कोणत्या सिलिंडरने ठोका दिला हेही त्याला कळते. मग त्या सिलिंडरच्या नेहमीच्या गोंगाटाशी ताज्या आवाजाची तुलना होते, आणि तो ठरलेल्या पटीने वर गेला की त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतली जाते. काही काळ ठोका न आल्यास ती हळूहळू, एका अंशाच्या छोट्या भागांनी, पुन्हा पुढे आणली जाते. वाचताना हे सोपे वाटते. परंतु नऊ हजार फेऱ्यांवर क्रँकचे पन्नास अंश एका मिलिसेकंदाच्याही आत सरतात, आणि साडेपाच किलोहर्ट्झची जेमतेम पाच आवर्तने तेवढ्या वेळात मावतात. आजूबाजूचा यांत्रिक गोंगाट त्याच वेळी सर्वाधिक असतो. इतक्या थोड्या पुराव्यावर निर्णय घ्यायचा म्हणजे आठवडी बाजारात मागून आलेली एक हाक ओळखण्यासारखे आहे. वरच्या फेऱ्यांत म्हणूनच अनुभवी ट्यूनर सेन्सरच्या भरवशावर न राहता दोन-तीन अंश हात राखून टायमिंग देतात.

याच कारणामुळे सेन्सर बसवण्याची रीतही कडक असते. त्याचा बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा, खाली वॉशर घालायचा नाही, बसण्याच्या जागेवर रंग किंवा गंज ठेवायचा नाही. गॅरेजमध्ये हा बोल्ट अंदाजाने आवळला जाताना मी पाहिला आहे, आणि त्यानंतर सेन्सर एक तर बहिरा होतो किंवा नको तेथे दचकतो. रेससाठी फोर्ज्ड पिस्टन बसवले की ते थंड असताना सिलिंडरमध्ये थोडे सैल असतात आणि खडखडतात. इंजिन माउंट कडक केले की सांगाड्याचा आवाज ब्लॉकमध्ये उतरतो. यावर काही ट्यूनर जो उपाय करतात तो मला अक्षम्य वाटतो. खोट्या ठोक्यांमुळे ताकद कापली जाते असे सांगून ते सॉफ्टवेअरमधील संवेदनशीलता उतरवून ठेवतात. पुतण्याच्या गाडीत नेमके हेच केलेले होते. मूळ फाइल पुन्हा चढवून, ताजे बांधलेले इंजिन घेऊन आम्ही लॅपटॉपवर लॉग (इसीयूच्या नोंदी) काढला, तेव्हा साध्या पेट्रोलवर पूर्ण भारात ठिणगी चारही सिलिंडरमध्ये दोन-तीन अंशांनी मागे येताना दिसत होती. आधीच्या फाइलच्या जतन केलेल्या लॉगमध्ये मात्र त्याच परिस्थितीत हे मागे येणे जवळजवळ शून्य होते. इंजिन शांत नव्हते, त्याच्या पहारेकऱ्याचे कान बंद केलेले होते.

सेन्सर सर्व काही ठीक असतानाही त्याच्या मर्यादा राहतातच. तो ठोका झाल्यावर कळवतो, आधी नाही. ठिणगी मागे घेतली की इंधन उशिरा जळते, सायलेन्सरकडे जाणारा वायू अधिक तापतो, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) वाचवण्यासाठी इसीयूला जादा पेट्रोल ओतावे लागते. म्हणजे स्वस्त पेट्रोल भरून वाचवलेले पैसे घाटात तेथेच जळतात. आणि लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर, जास्त भारात तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटवतो, तेव्हा ठिणगी मागे घेऊन काही उपयोग नसतो, कारण ठिणगी पडलेलीच नसते. या प्रकाराला आवर घालण्यासाठीच इंजिन ऑइलचे नवे दर्जे आले. त्यांत कॅल्शियमचे प्रमाण घटवण्यावर भर होता. वरच्या गिअरमध्ये घाट ओढत आणणे म्हणजे त्याला आमंत्रणच आहे, आणि ते ऑक्टेन कितीही असले तरी टाळलेले बरे.

सेन्सरचा शोध मुळात गाडीला बेफिकीर करण्यासाठी लागलाच नव्हता. १९८२ च्या सुमारास स्वीडनच्या साब कंपनीने पेर गिलब्रँड यांच्या मार्गदर्शनाखाली टर्बो गाड्यांत जी योजना आणली, तिच्यात ठोका ऐकू येताच बूस्ट उतरवला जाई. हेतू असा, की एकच गाडी देशोदेशी मिळेल त्या पेट्रोलवर त्या त्या पेट्रोलला शोभेल एवढीच ताकद देईल. पुढे त्याच कंपनीने वेगळा सेन्सर न लावता स्पार्क प्लगमधूनच, जळणाऱ्या वायूतील विद्युतप्रवाह मोजून, नॉकिंग ओळखण्याची पद्धत वापरली. कल्पना सुंदर होती, आणि तिच्यात मूळ समजूत शहाणपणाची होती : इंधन जसे, तशी अपेक्षा. परदेशातील फाइल इथल्या गाडीत घालणाऱ्यांनी ती उलटी केली आहे.

नाशिकचा एक स्थानिक मुद्दाही यात आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर राहतो, येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते आणि ते कमी ऑक्टेनवरही शांत चालते. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत ८५ चे पेट्रोल विकले जाते ते याच आधारावर. पण येथे डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), डिसेंबरच्या थंड सकाळी, शेवटच्या अंशापर्यंत ताणून ट्यून केलेली गाडी कसारा उतरून मे महिन्यातल्या भिवंडीच्या दमट उष्म्यात पोचली की तोच मॅप धोक्याचा ठरू शकतो. टर्बो गाडीची तऱ्हा आणखी वेगळी. ती उंचीवर दाब भरून काढण्यासाठी टर्बो जास्त फिरवते आणि हवा जास्त तापवते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कित्येक जण घाटाऐवजी बोगद्यातून जातात; वेगमर्यादेत चालवणाऱ्याला तेथे चिंता नाही, आणि मर्यादा ओलांडणाऱ्यासाठी हे पत्र नाही.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबाबत आपल्या लेखात एकच वाक्य आहे, वास्तविक त्याला अर्धे पान द्यायला हवे होते. इथेनॉलचा स्वतःचा रॉन सुमारे १०८ आहे आणि त्याचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात हा थंडावा ऑक्टेनइतकाच मोलाचा असतो. वीस टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा रॉन ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. ते मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. इथेनॉलचा मॉन नव्वदच्या आसपासच राहतो, म्हणजे रॉन आणि मॉन यांतील अंतर वाढते. इंधनशास्त्रज्ञ गौतम कलघटगी यांनी दाखवून दिले, की आधुनिक टर्बो इंजिनांत हे अंतर फायद्याचेच ठरते, तर जुन्या, गरम हवा ओढणाऱ्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत मॉनला अधिक महत्त्व असते. तेव्हा एकाच पंपावरील तेच पेट्रोल नव्या टर्बो गाडीला भावेल आणि संग्रहातील जुन्या स्पोर्ट्स कारला तितकेसे नाही. दुसरी गोष्ट अशी, की इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. इसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने पेट्रोल वाढवून हे सांभाळतो, परंतु पूर्ण भारात ठरावीक तक्त्यावरच चालणाऱ्या जुन्या गाड्यांत मिश्रण कोरडे पडते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), आणि कोरडे मिश्रण जास्त तापते. आपल्याच जिल्ह्यातील ऊस या इंधनात उतरत असल्याने त्याच्याविरुद्ध बोलण्याचे मला काहीच कारण नाही. ट्यून करणाऱ्याने मात्र फाइल लिहिण्याआधी टाकीत इथेनॉल किती टक्के आहे हे तपासलेच पाहिजे.

उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे दुखणे याहून वेगळे. नाशिकमधील बहुतेक महागड्या गाड्या पावसाळाभर झाकून ठेवलेल्या असतात. इथेनॉल हवेतील ओल ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात, आणि वर उरलेल्या पेट्रोलने आपला ऑक्टेन देणारा साथीदार गमावलेला असतो. दसऱ्याला गाडी बाहेर काढून त्र्यंबक रोडला पहिल्याच फेरीत पूर्ण ताकद मागणाऱ्यांनी आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे भरावे.

भेसळीचा उल्लेख या जिल्ह्यात हलक्या मनाने करता येत नाही. आपले पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून येते, आणि त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी इंधनाची भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले होते. रॉकेलची भेसळ ऑक्टेन झपाट्याने उतरवते. तिचे पहिले बळी जास्त कॉम्प्रेशनची इंजिने असतात. उलट बाजूने, बाटलीतून मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरवर सात ‘पॉइंट’ वाढतील असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा ०.७ ऑक्टेन एवढाच अर्थ असतो, आणि त्यातील धातूचे संयुग प्लगवर लालसर थर धरते. त्यापेक्षा शंभर ऑक्टेनचे पेट्रोल अर्धी टाकी आणि साधे अर्धी टाकी हा उपाय प्रामाणिक आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० बाजारात आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती, नाशिक नव्हते. ते साध्या पेट्रोलपेक्षा जवळपास दीडपट महाग आहे, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून आपणांस विनंती आहे, की तक्त्याची दुरुस्ती छापताना रॉन, मॉन आणि दोहोंची सरासरी असे तीन स्वतंत्र रकाने द्यावेत : आपले वीस टक्के इथेनॉलपूर्वीचे साधे पेट्रोल मानकाप्रमाणे ९१, ८१ आणि ८६, प्रीमियम ९५, ८५ आणि ९०, आणि अमेरिकेचे प्रीमियम साधारण ९६, ८६ आणि ९१. पंपचालकांनी नोझलवर रॉनबरोबर इथेनॉलची टक्केवारीही मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि रिमॅप करणाऱ्यांनी बिलावर फाइल कोणत्या मापाच्या किती ऑक्टेनसाठी आहे हे नोंदवावे, अशी सूचना आपल्या वृत्तपत्रातून झाली तर तिला वजन येईल. पुतण्याची गाडी सध्या मूळ फाइलवर चालते, तिच्या टाकीच्या झाकणाच्या आत त्याने स्वतःच्या हाताने ‘९५ रॉन’ असे लिहून चिठ्ठी चिकटवली आहे, आणि ‘रॉन’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

आपला,
इंजिन चाचणी विभागातील एक निवृत्त अभियंता
इंदिरानगर, नाशिक